मुंबईत जीपीयू प्रोग्रामिंगची कार्यशाळा कशी उभारावी

जीपीयू, म्हणजे एकाच वेळी हजारो छोटी कामे करणारा ग्राफिक्स कार्डावरचा प्रोसेसर. त्याच्या प्रोग्रामिंगची दोन दिवसांची कार्यशाळा भरवायची म्हटले की आयोजकांची पहिली धावपळ व्याख्यात्यांसाठी असते, आणि तीस जणांनी कोड नेमका कोणत्या यंत्रावर चालवायचा हा प्रश्न शेवटच्या आठवड्यापर्यंत अनुत्तरित राहतो. मुंबईतल्या महाविद्यालयांत अशा कार्यशाळा घेताना, आणि कित्येकदा नुसता मदतनीस म्हणून मागच्या रांगांमधून फिरताना, माझे एक मत पक्के झाले आहे. सहभागी व्यक्तीने आधी कागदावर अंदाज बांधावा, मग स्वतः कोड चालवून वेळ मोजावा आणि दोन आकड्यांत फरक पडला तर त्याचे कारण शोधावे. एवढे एक चक्र ज्याच्या हातून पूर्ण झाले त्याला समांतर संगणन समजू लागते, मग विषय थोडे कमी झाले तरी चालतात. खाली दिलेल्या पायऱ्या याच चक्रासाठी वेळ, यंत्र आणि माणसे कशी राखून ठेवायची ते सांगतात.

पायरी १ : कोणासाठी, हे आधी ठरवा

एकाच जाहिरातीला तीन निरनिराळ्या प्रकारची माणसे प्रतिसाद देतात. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सी भाषा येते, पण मोठा प्रश्न हाताळलेला नसतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा हवामानाच्या क्षेत्रातल्या संशोधकांकडे वर्षानुवर्षे वाढलेला फोरट्रानचा कोड असतो आणि तो नव्याने लिहिण्याची त्यांची तयारी नसते, जे रास्तच आहे. नोकरी करणाऱ्यांना बहुधा पायथन येते आणि मेमरी कशी मागायची व कशी सोडायची याच्याशी त्यांचा कधी संबंध आलेला नसतो. या तिघांना एका वर्गात बसवले तर प्रत्येक तासाला दोघांचा वेळ वाया जातो.

म्हणून एक गट निवडावा. विद्यार्थ्यांसाठी कुडा (एनव्हीडियाची जीपीयू प्रोग्रामिंगची प्रणाली) आणि सी हा मार्ग योग्य, कारण त्यात यंत्र उघडे दिसते. जुना कोड असलेल्या संशोधकांसाठी ओपनएसीसी किंवा ओपनएमपीच्या सूचना, म्हणजे आहे त्याच कोडमध्ये कंपायलरसाठी लिहायच्या ओळी, वापरणे शहाणपणाचे. ओपनएमपीमध्ये २०१३ सालच्या ४.० आवृत्तीपासून लूपवर सूचना लिहून तो जीपीयूवर पाठवता येतो, त्यामुळे मूळ कोडची रचना शाबूत राहते. पायथनवाल्यांना नुम्बा किंवा क्यूपाय या पायथनच्या जीपीयू लायब्ररींपासून सुरुवात करून द्यावी. खाली मी विद्यार्थ्यांचा गट आणि कुडा गृहीत धरले आहे, पण मोजमापाची पद्धत तिन्ही गटांना तशीच लागू होते.

प्रवेशासाठी छोटी चाचणी जरूर ठेवावी. दहा लाख संख्यांची मेमरी मागून घेणे, ती पॉइंटरमार्फत भरणे, बेरीज छापणे आणि मेमरी सोडून देणे, एवढाच कार्यक्रम टर्मिनलवर कंपाइल करून पाठवायला सांगावा. ज्याला हे जमत नाही त्याला नाकारण्याऐवजी पायरी ४ मधल्या तयारीच्या संध्याकाळी बोलवावे. दोन तासांच्या सरावाने ही उणीव बहुतेकांची भरून निघते.

पायरी २ : यंत्रांची सोय

सर्वांत सोपा मार्ग गूगल कोलॅबचा, म्हणजे ब्राउझरमधून दूरच्या यंत्रावर कोड चालवू देणाऱ्या सेवेचा. तिथे विनामूल्य मिळणारे जीपीयू कार्ड बहुधा टेस्ला टी-४ असते, आणि शिकवण्यासाठी ते चांगले आहे, कारण त्याचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: २५६० कोअर, १६ गिगाबाइट मेमरी, मेमरीची बँडविड्थ, म्हणजे डेटा नेण्या-आणण्याचा वेग, सेकंदाला ३२० गिगाबाइट आणि एकेरी अचूकतेत (चार बाइटच्या दशांश संख्यांवर) सुमारे ८.१ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ८,१०० अब्ज गणिती क्रिया, इतका सैद्धांतिक वेग. विनामूल्य वापराला मर्यादा असते आणि सत्र मध्येच तुटू शकते, म्हणून प्रत्येकाने आपली फाइल ड्राइव्हवर जतन करण्याची सवय पहिल्याच तासाला लावावी. कंपाइल करताना कार्डाच्या पिढीचा क्रमांक, टी-४ साठी ७५, स्पष्टपणे द्यावा. तो दिला नाही आणि कंपायलर व ड्रायव्हरच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत, तर कर्नल, म्हणजे जीपीयूवर चालणारे फंक्शन, सुरूच होत नाही, उत्तरात नुसती शून्ये येतात आणि सहभागी आपल्या निर्दोष कोडमध्ये चूक शोधत बसतो.

दुसरा मार्ग संस्थेच्या स्वतःच्या यंत्रांचा किंवा दूरच्या क्लस्टरचा, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या यंत्रांच्या समूहाचा. इथे स्लर्मसारखी रांग लावणारी प्रणाली हवीच. चोवीस जणांनी चार कार्डांवर एकाच वेळी थेट कोड चालवला तर कोणाचाही मोजलेला वेळ खरा राहत नाही. रांगेत मात्र प्रत्येकाचे काम दोन-तीन सेकंदांत संपते आणि त्या क्षणी कार्ड पूर्णपणे त्याचे असते. ए-१०० कार्ड उपलब्ध असेल तर त्याचे सातपर्यंत स्वतंत्र भाग पाडता येतात, ही सोय वर्गासाठी फार उपयोगाची आहे. मात्र एका भागाला संपूर्ण कार्डाची बँडविड्थ मिळत नाही, हे अंदाज बांधण्यापूर्वी सांगायला हवे.

क्लस्टरच्या प्रशासकाशी दोन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. पहिली, सामान्य वापरकर्त्याला हार्डवेअरचे मोजणीयंत्र वाचण्याची परवानगी. ती अनेक ठिकाणी बंद असते आणि ती नसेल तर एनसाइट कम्प्यूट हे साधन मोजणी नाकारते. दुसरी, कार्यशाळेच्या वेळेपुरते यंत्रांचे आरक्षण. याखेरीज एक नेहमीचा गोंधळ आधीच निस्तरून ठेवावा. एनव्हीडिया-एसएमआय या आज्ञेने दिसणारी कुडाची आवृत्ती ही ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठवर साथ देईल ते सांगते. यंत्रावर प्रत्यक्षात कोणता कंपायलर आहे ते एनव्हीसीसीला विचारूनच कळते. हे दोन आकडे वेगळे दिसले की दरवेळी कोणीतरी घाबरून सगळे नव्याने बसवायला घेतो.

उपनगरातल्या एका महाविद्यालयात आमचा जवळजवळ अर्धा दिवस वाया गेला, कारण तिथल्या नेटवर्कवर दूरच्या यंत्रावर लॉगिन करण्यासाठी लागणारा एसएसएचचा बावीस क्रमांकाचा पोर्ट बंद होता आणि आम्ही सगळी चाचणी आपापल्या घरून केली होती. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: चाचणी त्याच खोलीतून, त्याच वाय-फायवरून आणि विद्यार्थ्याच्या खात्यानेच करायची. ब्राउझरमधून चालणारे ज्युपिटर हा पर्यायही तयार ठेवायचा.

पायरी ३ : जागा, दिवस आणि वेळ

मुंबईत जागेची निवड नकाशापेक्षा लोकलच्या वेळापत्रकावर करावी. विरार, कल्याण आणि पनवेल या तिन्ही टोकांकडून माणसे यायची असतील तर दादर-माटुंग्याचा परिसर सर्वांना सारखा पडतो. मध्य व पश्चिम दोन्ही मार्गांवरचे दादरला उतरतात आणि हार्बरवाल्यांना कुर्ला किंवा वडाळा सोयीचे जाते. पवईला घ्यायचे ठरले तर मध्य मार्गावरच्यांना कांजूरमार्ग जवळ, पण बोरिवलीकडच्यांनी अर्धा तास जास्त धरावा. शनिवार-रविवार निवडलात तर रविवारच्या मेगाब्लॉकची सूचना पाहिल्याशिवाय वेळ जाहीर करू नये. साडेदहाला सुरुवात आणि पाचला समाप्ती ही वेळ मला योग्य वाटते, आणि पहिला अर्धा तास खाती उघडून लॉगिन तपासण्यासाठी ठेवावा, म्हणजे गाडी चुकलेल्याचा मुख्य भाग बुडत नाही. जुलै टाळावा. सत्र परीक्षा आटोपल्यानंतरचा जानेवारीचा पहिला पंधरवडा उत्तम.

खोलीत प्रत्येक बाकापाशी प्लग हवा, हे पाहून घ्यावे. चहा-नाश्ता वर्गाबाहेर ठेवावा.

पायरी ४ : आधीच्या आठवड्यातली तयारी

कार्यशाळेच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी दोन तासांचे ऑनलाइन सत्र घ्यावे. त्यात पॉइंटर, सी भाषेत द्विमितीय सारणी मेमरीत ओळीमागून ओळ कशी मांडली जाते, आणि टर्मिनलवर कंपाइल करणे, एवढेच घ्यावे. सारणीची मांडणी फळ्यावर चौकटी काढून दाखवावी, कारण दुसऱ्या दिवसाचा निम्मा विषय त्या चौकटींवर उभा आहे. ज्यांना यंत्रावर लॉगिन करता आले त्यांची नावे त्याच रात्री नोंदवावीत आणि उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी फोन करावा. खूप मोठे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवायला सांगू नये. कुडाचा संच काही गिगाबाइटचा असतो आणि तीस जणांनी तो सभागृहात बसून उतरवायला घेतला तर वाय-फाय कोलमडते.

पायरी ५ : पहिला दिवस, एक बेरीज आणि तिचे मोजमाप

पहिल्या दिवशी दोन सारण्यांची बेरीज करून तिसरी भरायची, एवढाच एक प्रश्न सकाळभर पुरतो. प्रत्येकी एक कोटी एकेरी अचूकतेच्या संख्या घ्याव्यात. थ्रेड (एका संख्येचे काम करणारा धागा), ब्लॉक (थ्रेडचा गट) आणि ग्रिड (सर्व ब्लॉक मिळून) या कल्पना समजावून, एका ब्लॉकमध्ये २५६ थ्रेड घेतले तर किती ब्लॉक लागतील ते वर्गाला विचारावे. एक कोटीला २५६ ने भागले की ३९,०६२.५ येतात, म्हणजे ३९,०६३ ब्लॉक घ्यावे लागतात आणि १२८ थ्रेड जास्तीचे जन्माला येतात. त्या थ्रेडना ‘तुमचा क्रमांक सारणीच्या आत आहे का’ हे विचारणारी अट कोडमध्ये का लागते, ते या एका भागाकारातून जितके स्वच्छ कळते तितके कोणत्याही आकृतीने कळत नाही. अट मुद्दाम काढून कम्प्यूट-सॅनिटायझर चालवायला लावावे. हद्दीबाहेर लिहिणारे थ्रेड तो क्रमांकासह पकडून देतो.

मग कोड चालवण्यापूर्वी अंदाज. प्रत्येक बेरजेसाठी चार बाइटच्या दोन संख्या वाचायच्या आणि एक लिहायची, म्हणजे बारा बाइट. एक कोटी बेरजांना बारा कोटी बाइट. टी-४ ची मेमरी सेकंदाला ३२० गिगाबाइट देत असेल तर याला किमान ०.३७५ मिलिसेकंद लागणारच. त्याच वेळी सीपीयूच्या मेमरीतून कार्डापर्यंतचा रस्ता, म्हणजे तिसऱ्या पिढीचा सोळा लेनचा पीसीआय एक्स्प्रेस, एका दिशेने सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १६ गिगाबाइट नेतो. दोन सारण्या नेणे आणि एक परत आणणे यात साडेसात मिलिसेकंद जातात, म्हणजे प्रत्यक्ष बेरजेच्या वीसपट वेळ वाहतुकीत. हे गणित फळ्यावर करून झाले की मगच कोड चालवू द्यावा. मोजलेला आकडा अंदाजापेक्षा थोडा जास्त येईल. किती जास्त आणि का, यावर वर्गात खरी चर्चा होते, आणि नेहमीच्या मेमरीऐवजी पिन केलेली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम जागेवरून हलवत नाही अशी, मेमरी वापरून वाहतुकीचा वेळ कमी करून पाहण्याची सूचना बहुधा सहभागींकडूनच येते.

इथेच आणखी एक प्रश्न विचारावा. ०.३७५ मिलिसेकंदांत एक कोटी बेरजा म्हणजे सेकंदाला सुमारे २७ अब्ज. कार्डाचा सैद्धांतिक वेग सेकंदाला ८,१०० अब्ज. मग आपण कार्डाचा तीनशेवा हिस्साच वापरतो आहोत का? होय, आणि यात कोड लिहिणाऱ्याचा दोष नाही, कारण ही बेरीज गणनेत अडकलेली नसून मेमरीत अडकलेली आहे. टी-४ च्या गणनाशक्तीला पुरेसे काम द्यायचे तर प्रत्येक बाइटमागे सुमारे पंचवीस गणिती क्रिया हव्यात. हे समजलेला विद्यार्थी पुढे कुठल्याही कोडकडे पाहताना सर्वप्रथम बाइट मोजतो, आणि मी हा तास कधीही घाईने उरकत नाही.

मोजताना दोन चुका हमखास होतात. कर्नलला केलेली हाक त्याच क्षणी परत येते आणि काम मागे चालू राहते, त्यामुळे घड्याळ थांबवण्यापूर्वी डिव्हाइसचे काम संपेपर्यंत वाट पाहिली नाही तर काही मायक्रोसेकंदांचा खोटा वेग दिसतो. दुसरे, कुडाची पहिली हाक यंत्रणा उभी करण्यात वेळ घेते, म्हणून एकदा कोड चालवून सोडून द्यावा आणि नंतरच्या दहा वेळांचा मध्यक नोंदवावा. त्याचबरोबर प्रत्येक हाकेनंतर त्रुटी तपासण्याची सवय लावावी. ब्लॉकमध्ये २,०४८ थ्रेड मागायला सांगा. मर्यादा १,०२४ ची असल्यामुळे कर्नल चालतच नाही, पण त्रुटी न तपासणाऱ्या कोडमध्ये पडद्यावर काहीही तक्रार उमटत नाही, उलट वेळ अतिशय कमी दिसतो.

दुपारी एकत्रित बेरीज घ्यावी. सर्व थ्रेडना एकाच चलात थेट मिळवायला लावले की दरवेळी वेगळे चुकीचे उत्तर येते, आणि शर्यतीची परिस्थिती म्हणजे काय ते समजते. यापुढचा प्रयोग मला सर्वांत प्रिय आहे. दोन कोटी वेळा १ ही संख्या घ्यायला सांगावी आणि आधी सीपीयूवर साध्या लूपने, एकेरी अचूकतेच्या चलात बेरीज करायला लावावी. उत्तर १,६७,७७,२१६ वर थांबते. हा दोनाचा चोविसावा घात आहे. एकेरी अचूकतेत त्यापुढे एक मिळवला तरी संख्या बदलत नाही. जीपीयूवर मात्र प्रत्येक ब्लॉकने २५६ संख्यांची बेरीज करून ठेवली आणि त्या ७८,१२५ अंशतः बेरजा नंतर एकत्र केल्या, तर उत्तर बरोबर दोन कोटी येते. सीपीयूचे उत्तर खरे आणि जीपीयूचे संशयास्पद, असे गृहीत धरून आलेला वर्ग इथे थांबतो, आणि बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकते ही गोष्ट पुढे आयुष्यभर त्यांच्या लक्षात राहते.

पायरी ६ : दुसरा दिवस, मेमरीची वळणे आणि स्वतःचा कोड

सकाळी मॅट्रिक्सची उलटापालट घ्यावी, म्हणजे ओळींचे स्तंभ करणे. यात गणना काहीच नाही, फक्त संख्यांची ने-आण आहे, त्यामुळे अंदाज सोपा: ४,०९६ गुणिले ४,०९६ ची सारणी वाचून लिहायला टी-४ वर किमान ०.४२ मिलिसेकंद. साधा कोड यापेक्षा बराच मागे पडतो. कारण वॉर्पमधले, म्हणजे एकत्र चालणाऱ्या गटातले, बत्तीस थ्रेड वाचताना शेजारच्या संख्या वाचतात, पण लिहिताना प्रत्येक जण सोळा किलोबाइट दूर लिहितो. कार्ड मात्र मेमरीशी बत्तीस बाइटच्या तुकड्यांत व्यवहार करते, म्हणजे चार बाइटसाठी बत्तीसचा खर्च. मग ३२ गुणिले ३२ ची फरशी शेअर्ड मेमरीत (ब्लॉकमधल्या थ्रेडच्या सामायिक, जलद मेमरीत) आणून तिथून वळवून लिहायची. वेळ सुधारतो, तरी अंदाजाजवळ पोचत नाही, कारण स्तंभ वाचताना सर्व थ्रेड एकाच बँकेवर, म्हणजे त्या मेमरीच्या एकाच कप्प्यावर, आदळतात. फरशीची रुंदी ३३ केली की ही आदळआपट संपते. एक आकडा बदलल्याने वेळ घटतो हे सहभागींनी स्वतः करून पाहावे, आणि त्यानंतरच एनसाइट कम्प्यूट उघडून तेच कारण मोजणीच्या भाषेत वाचावे. प्रोफायलर आधी दाखवला तर शेकडो आकड्यांत माणूस हरवतो.

अ‍ॅमडालचा १९६७ सालचा नियम जेवणापूर्वी पंधरा मिनिटांत सांगून होतो: कोडचा नव्वद टक्के भाग समांतर करता आला तर कितीही थ्रेड लावले तरी दहापटीच्या पुढे जाता येत नाही.

दुपार पूर्णपणे सहभागींच्या स्वतःच्या कोडसाठी मोकळी ठेवावी. कोणी प्रतिमा धूसर करण्याचा कोड आणतो, कोणी उष्णतेच्या प्रसाराचे समीकरण. ज्यांच्याकडे काही नसेल त्यांच्यासाठी दोन तयार प्रश्न ठेवावेत. दुहेरी अचूकतेचा (आठ बाइटच्या संख्यांचा) कोड आणणाऱ्यांना आवर्जून सांगावे की टी-४ वर दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या बत्तिसाव्या हिश्शाइतकाच असतो, त्यामुळे तिथल्या निकालावरून ए-१०० सारख्या कार्डाबद्दल मत बनवू नये. त्या कार्डाचा दुहेरी अचूकतेचा सैद्धांतिक वेग ९.७ टेराफ्लॉप आहे.

पायरी ७ : मदतनीस आणि भाषा

सहा ते आठ सहभागींमागे एक मदतनीस हवा, आणि तो शक्यतो मागच्या तुकडीतला असावा. अडलेल्याने लॅपटॉपवर लाल चिठ्ठी लावावी, ज्याचे काम झाले त्याने हिरवी, म्हणजे व्याख्यात्याला वर्ग एका नजरेत दिसतो. मदतनिसाने कीबोर्डला हात लावायचा नाही, हा नियम कडक ठेवावा. ‘ताई, तुम्हीच करून द्या ना’ अशी विनंती येते, तेव्हा शेजारी बसून प्रश्न विचारावेत.

शिकवणे मराठीत करण्यात कसलाही संकोच नसावा. थ्रेड, ब्लॉक, कर्नल हे शब्द तसेच ठेवून बाकी सगळे विवेचन मराठीतून केले की मागच्या बाकांवरून प्रश्न येऊ लागतात, हे मी प्रत्येक तुकडीत पाहिले आहे. समांतर संगणन या प्रदेशाला नवखेही नाही. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अनुपम या समांतर संगणकांची मालिका घडवली आणि पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० उभा केला. त्या यंत्रांवर प्रक्रियांना परस्परांत निरोप पाठवावे लागत, आणि आजही अनेक यंत्रांवरच्या अनेक कार्डांचा वापर करायचा तर एमपीआय या निरोपांच्या देवाणघेवाणीच्या मानकामार्फत तेच करावे लागते. पुढच्या कार्यशाळेचा विषय म्हणून एमपीआय सुचवताना हा धागा उपयोगी पडतो.

पायरी ८ : कार्यशाळेनंतर

दोन दिवसांत सरावलेले हात तीन आठवड्यांत पुन्हा थंड होतात, म्हणून पुढचे चार गुरुवार संध्याकाळी एक तास ऑनलाइन भेट ठेवावी आणि दरवेळी दोघांनी आपल्या कोडचा अंदाज, मोजमाप आणि फरकाचे कारण मांडावे. यंत्रावरची खाती किमान तोवर चालू ठेवण्याची परवानगी सुरुवातीलाच घ्यावी. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग अभियानातून देशातल्या अनेक संस्थांत परम मालिकेतली यंत्रे उभी राहिली आहेत. ज्यांचा संशोधनाचा प्रश्न खरोखर मोठा आहे त्यांना तिथे वेळ मागण्याचा अर्ज लिहायला याच भेटींत मदत करावी, आणि आपल्या कोडचे एका कार्डावरचे मोजमाप त्या अर्जाला जोडायला सांगावे.

सर्वांच्या नोंदी एका सामायिक तक्त्यात ठेवाव्यात. प्रत्येक आकड्याशेजारी कार्डाचे नाव, ड्रायव्हर व कंपायलरची आवृत्ती, सारणीचा आकार आणि वाहतुकीचा वेळ धरला की वगळला, हे लिहिलेले असावे, म्हणजे पुढच्या जानेवारीत वेगळ्या कार्डावर बसणाऱ्या तुकडीला तोच प्रयोग पुन्हा करून आपला आकडा त्याच ओळीत शेजारी मांडता येईल.